पंडिता रमाबाई : वाद आणि वात्सल्य

हीरक महोत्सवाच्या या स्मरणिकेसाठी एखादा चरित्रलेख लिहावा असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा मी पंडिता रमाबाईंचे नाव सांगितले. बैठकीत क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग एका ज्येष्ठ सदस्यांनी अत्यंत सौजन्याने शंका काढली की, ज्यांनी धर्मांतर केले आणि ज्यांचा प्रत्यक्ष लोकमान्यांशी वाद झाला, त्या बाईंचे चरित्र आपल्या अंकाला कितपत शोभेल? शंका रास्त होती. माझ्या बालपणी आमच्या घरातही हे नाव जरा दबक्या आवाजातच घेतले जाई. तरीही मी आग्रह धरला. आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या मोबाइलवरील गटांत निवडणुकीच्या दिवसांत काय चालते, ते मी पाहत असते. एका बाकावर बसून डबा वाटून खाल्लेली माणसे एखाद्या पक्षावरून एकमेकांशी बोलेनाशी होतात. रमाबाईंचे सारे आयुष्य अशाच, किंबहुना याहून कितीतरी जहाल, वादांत गेले. त्यांनी मत सोडले नाही आणि माणसेही शक्यतो सोडली नाहीत. हे त्यांना नेहमीच साधले असे नाही, पण ज्या ज्या वेळी साधले ते पाहण्यासारखे आहे.

आणखी एक कारण आपल्या मातीचे आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात जबलपूर, दमोह, सागर, नरसिंहपूर हे जिल्हे होरपळून निघाले होते. त्या वेळी पुण्याहून या मध्य प्रांतात येऊन सुमारे ३०० निराधार मुलींना आणि तरुण विधवांना आपल्यासोबत घेऊन जाणारी बाई म्हणजे रमाबाई. ती हकीकत पुढे येईलच.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे गाढे पंडित. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविण्याचा हट्ट धरला. स्त्रीला देववाणी शिकविणे त्या काळी पाखंड समजले जाई. वादाचा जाच चुकविण्यासाठी शास्त्रीबोवा रानात जाऊन राहिले, तेथे विद्यार्थी जमवून त्यांनी पाठशाळा चालविली. पुढे कर्जबाजारी होऊन हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले आणि पुराणे सांगत गावोगाव फिरू लागले. रमाबाईंचे शिक्षण वाटेवरच झाले, तेही आईच्या तोंडून. घरात मराठी, भोवती कधी कानडी, कधी हिंदुस्थानी, पुढे बंगाली. महाराष्ट्राबाहेर मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्यांना हे बालपण परके वाटू नये.

मद्रास इलाख्यातील दुष्काळाने हे घर पुसून टाकले. १८७४ च्या सुमारास वडील गेले, पाठोपाठ आई गेली आणि मग थोरली बहीण. दानात मिळेल त्यावर जगणारी ही माणसे अन्नावाचून मेली. काबाडकष्ट करण्याची त्यांना सवय नव्हती आणि भीक मागण्याची लाज वाटत होती. रमाबाई व बंधू श्रीनिवास उरले आणि बहुतांशी पायीच हिंदुस्थान पालथा घालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, भाषा वेगळी. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षी सारी माणसे गमावलेली ही विधवा कडेवर मूल घेऊन पुण्यास आली.

पुण्याने तिचे स्वागत केले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांसारखे सुधारक पाठीशी होते. त्यांच्या साहाय्याने १८८२ मध्ये आर्य महिला समाज स्थापन झाला. रानड्यांच्या पत्नी रमाबाई रानडे या सभांना जात, म्हणून घरातील वडीलधाऱ्या बायकांची बोलणी त्यांना खावी लागत. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे साक्ष देताना पंडिताबाईंनी स्त्रीशिक्षिका आणि स्त्रीडॉक्टर यांची गरज ठामपणे मांडली. आपणही डॉक्टर व्हावे ही इच्छा त्यांना इंग्लंडला घेऊन गेली. प्रवासखर्चाचा भार ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीने उचलला. कानाने कमी ऐकू येत असल्याने वैद्यकीय शिक्षण मात्र राहून गेले.

वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात त्या राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही बातमी पुण्यात पोहोचली तेव्हा कालपर्यंत कौतुक करणारे हळहळले, कित्येक संतापले. जोतीराव फुले यांनी मात्र ‘सत्सार’ या पुस्तिकेत त्यांची बाजू उघडपणे घेतली.

येथे बहुतेक वाचकांची अशी समजूत असते की, नव्या धर्मात गेल्यावर रमाबाई तेथल्या लोकांत सुखाने सामावल्या. घडले ते उलटच. ज्या सिस्टर जेराल्डिन यांच्या देखरेखीखाली त्या होत्या, त्यांच्याशीच त्यांचे सर्वांत कडवे वाद झाले. बाप्तिस्मा घेतला म्हणून चर्च सांगेल ते सर्व प्रमाण मानावे, हे त्यांना कबूल नव्हते. त्रिमूर्तीचा सिद्धांत बुद्धीला पटल्याखेरीज उच्चारणार नाही, असे त्या सांगत. गळ्यात घालण्याच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, माझ्या देशाची संस्कृत का नको, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी शाकाहार सोडला नाही. भगिनींना त्यात जातीचा अहंकार दिसे. रमाबाईंना तो आपल्या लोकांशी राखलेला धागा वाटे. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात पुरुषांना शिकविण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी विरोध केला आणि रमाबाईंनी त्या विरोधाला खरमरीत उत्तरे दिली. राज्यकर्त्यांच्या धर्मात येऊन राज्यकर्त्यांचे पाद्री हुकूम सोडतील आणि आपण ऐकू, हे त्यांना मुळीच मान्य नव्हते. हा वाद धर्माचा होता तितकाच राजकारणाचाही होता.

मला मोलाची वाटते ती गोष्ट पुढेच आहे. इतके वाद झाले, पानेच्या पाने भरून एकमेकींना दोष दिले गेले, तरी रमाबाई या इंग्रज जोगिणीला पत्रांतून संबोधीत राहिल्या ते ‘आजीबाई’ या मराठी शब्दाने. मनोरमेसाठी तर त्या आजीबाई होत्याच. आपल्या भाषेत आजीबाई म्हटले की एक घर उभे राहते. जिच्याशी आपले पटत नाही तिला त्या घरात जागा देणे सोपे नसते. पत्रात एका परिच्छेदात तलवारीची धार आणि दुसऱ्यात मनोरमेच्या तब्येतीची चौकशी, असे चालायचे.

तसेच नाते आनंदीबाई जोशी यांच्याशी होते. दोघी आप्त होत्या. आनंदीबाईंनी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन असे जाहीर सांगून अमेरिकेस प्रयाण केले होते. रमाबाई ख्रिस्ती झाल्या होत्या. तरी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाईंना डॉक्टरची पदवी मिळाली, तेव्हा ती पाहण्यासाठी रमाबाई इंग्लंडहून समुद्र ओलांडून मुद्दाम गेल्या होत्या. वर्षभरात आनंदीबाई निवर्तल्या. रमाबाई अमेरिकेत राहिल्या, त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि गावोगाव व्याख्याने दिली. १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. हिंदुस्थानात विधवांसाठी धर्मनिरपेक्ष शाळा काढावी, दहा वर्षे खर्च आम्ही देऊ, असे त्या संस्थेने कबूल केले.

ही शाळा म्हणजे शारदा सदन. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ते उघडले, आनंदीबाईंच्या पदवीदानानंतर बरोबर तीन वर्षांनी. त्या समारंभाचे अध्यक्षस्थान काशीबाई कानिटकर यांनी भूषविले. त्याच वर्षअखेरीस मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात आलेल्या मोजक्या स्त्री प्रतिनिधींत रमाबाई होत्या. नोव्हेंबर १८९० मध्ये सदन पुण्यास आले. शिक्षिकेच्या नजरेने पाहता मला सदनाचे नियम फार शहाणपणाचे वाटतात. ब्राह्मण मुलींसाठी स्वयंपाकाची वेगळी व्यवस्था होती, ज्यांना सोवळे पाळायचे त्यांना ते पाळता येई, उपास आणि पूजा यांना आडकाठी नव्हती. वर्गात धर्म शिकविला जात नसे. केशवपनाच्या भीतीने अंग चोरून बसणाऱ्या मुली तेथे मोकळेपणाने हसू लागल्या. चालकबाई ख्रिस्ती आणि स्वयंपाकघर सोवळ्याचे, हे दृश्य त्या काळच्या पुण्यात विरळाच.

त्या पुण्याचे वातावरण कसे होते, याची एक गंमत सांगते. सदन पुण्यात येण्याच्या महिनाभर आधी, ऑक्टोबर १८९० मध्ये, पंचहौद मिशनमध्ये शहरातील प्रतिष्ठितांना चहास बोलावण्यात आले. रानडे गेले, टिळकही गेले. कोणकोण चहाला होते त्यांची नावे वर्तमानपत्रात झळकली आणि गावात वादळ उठले. सुधारक आणि सनातनी अशा दोन्ही छावण्यांतील माणसे एकाच बशीने पोळली. आपण ज्यांना परस्परविरोधी म्हणून पाठ करतो, ती एका टेबलाशी बसली होती, एवढे ध्यानात ठेवावे.

वादाची ठिणगी मात्र शारदा सदनातच पडली. रमाबाई आपल्या खोलीत रोज प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. एकीदोघींनी ख्रिस्ती होण्याची इच्छा दाखविली. ‘केसरी’ने हा प्रश्न धसास लावला. टिळकांचा मुद्दा असा की, धर्मनिरपेक्षतेच्या वचनावर पालकांनी मुली पाठविल्या आहेत, तेथे आडमार्गाने धर्मप्रसार होणे हा विश्वासभंग आहे. रमाबाईंचे उत्तर असे की, मी कोणावर सक्ती केलेली नाही. मात्र मुलींना येण्याची बंदी करण्यासाठी मी माझे दार लावून प्रार्थना करणार नाही. आगरकरांचा ‘सुधारक’ सदनाच्या बाजूने राहिला. पण ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदींनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि पालकांनी पंचवीसएक मुली काढून नेल्या.

यात चूक कोणाची? अनेक वर्षे शाळा चालविल्यावर मला टिळकांचा आक्षेप निराधार वाटत नाही. पालकाने विश्वासाने सोपविलेले मूल म्हणजे ठेव असते. शिक्षकाचे उघडे दारही मुलावर परिणाम करते, कारण ते शिक्षकाचे असते. दुसरीकडे, ज्या मुलींना स्वतःच्या घराने टाकले होते, त्यांच्या श्रद्धेची काळजी घराला एकाएकी इतकी का वाटू लागली, हा रमाबाईंचा सवालही चुकविता येत नाही. त्या खचल्या नाहीत. घरी नेलेल्या मुलींपैकी कोणी परत आली, तर सदन तिला घेत होते.

त्याच १८९३ च्या मार्चमध्ये सदनाची एक विद्यार्थिनी, बालविधवा गोदूबाई, हिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. त्याच पुढे आनंदीबाई, सर्वांच्या बाया कर्वे. सदनातील अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी त्या एक. वर्षानुवर्षे रमाबाईंच्या छायेत राहूनही त्या हिंदूच राहिल्या आणि ‘माझे पुराण’ या आत्मकथनात त्यांनी त्या दिवसांची आठवण आपुलकीने लिहून ठेवली. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, तो धर्मांतराची धास्ती नसलेला आश्रम समाजाला हवा होता म्हणूनच. एका अर्थी ती शारदा सदनाची स्पर्धाच होती. पण त्या आश्रमाची गृहिणी ज्या सदनात घडली, ते रमाबाईंचे होते.

आता आपल्या प्रांताची हकीकत. १८९६ चा पाऊस दगा देऊन गेला आणि मध्य प्रांतात माणसे रानातील पाला खाऊ लागली. ही बातमी ऐकून रमाबाई प्रथम कचरल्या, हे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. त्यांना आपले आईवडील आठवले. हाताशी पैसा नव्हता. तरीही त्या निघाल्या. सरकारी दुष्काळी छावण्या आणि अनाथगृहे त्यांनी पाहिली. नावाला घर, प्रत्यक्षात गावाबाहेरच्या झाडाखाली उघड्यावर टाकलेली माणसे. तरुण मुलींना फूस लावून नेणारे दलाल त्याच छावण्यांच्या आसपास घोटाळत होते. रमाबाईंनी एकेक मुलगी गोळा केली. जात विचारली नाही. हिंदी बोलणाऱ्या, आठवडेच्या आठवडे आंघोळ न झालेल्या, अन्न पाहून अंगावर धावून येणाऱ्या या पोरी घेऊन त्या पुण्यास परतल्या, तर पुण्यात प्लेग! अधिकाऱ्यांनी एवढी माणसे शहरात ठेवण्यास मनाई केली. तेव्हा पुण्यापासून काही मैलांवर केडगाव येथे सदनासाठी घेऊन ठेवलेल्या जमिनीवर झोपड्या उभारून त्यांना ठेवावे लागले. सुमारे शंभर एकरांच्या त्या माळावरूनच पुढे मुक्ती सदन उभे राहिले. आपल्या नर्मदेकाठच्या मुलींनी त्या माळावर मराठी बाराखडी गिरविली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आणि इथेच राजकारण पुन्हा आडवे आले, पण या वेळी बाजू वेगळ्या होत्या. पुण्यात प्लेगच्या निमित्ताने गोऱ्या सोजिरांनी घरोघरी झडत्या घेतल्या, बायकांची विटंबना झाली अशा तक्रारी उठल्या. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी त्यावर टीकेची झोड उठविली. मे १८९७ मध्ये रमाबाईंनीही ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या हालांबद्दल आणि आपल्या एका मुलीच्या बाबतीत घडलेल्या प्रकाराबद्दल सडेतोड लिहिले. प्रकरण लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेले. मुंबईच्या गव्हर्नरांनी त्यांचे म्हणणे नाकारले. त्या मागे हटल्या नाहीत. अवघ्या चार वर्षांपूर्वी ज्या शहराने त्यांना घरभेदी ठरविले होते, त्या शहरातील बायकांसाठी त्या ख्रिस्ती सरकारविरुद्ध उभ्या राहिल्या. ज्यांनी त्यांच्यावर अग्रलेख लिहिले होते ते आणि त्या, एकाच अन्यायाविषयी तक्रार करीत होते. याबद्दल कोणी कोणाचे आभार मानले, असे मला कुठे वाचायला मिळाले नाही.

बॉस्टनचा दहा वर्षांचा करार संपल्यावर १८९८ पासून केडगावचे काम उघडपणे ख्रिस्ती झाले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळात आणखी शेकडो मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली. विणकाम, घाणा, दूधदुभते, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेल, पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन असा पसारा वाढला. या काळातील रमाबाईंचे हिंदू धर्मग्रंथांविषयीचे लेखन कठोर आहे आणि संस्कृतवर जीव असलेल्या मला ते खटकते, हे प्रांजळपणे सांगते. ज्या पोथ्या आईने पहाटे मांडीवर बसवून शिकविल्या, त्यांच्याविषयी इतके कडू का लिहावे? मग आठवते की, त्याच पोथ्या सांगत सांगत तिची आई उपाशी मेली होती. पुण्याच्या सार्वजनिक जीवनातून त्या बाजूला झाल्या. काही जखमा भरल्या नसाव्यात, असेच म्हणावे लागते.

पांढरे सुती लुगडे, साधे शाकाहारी जेवण आणि अखंड काम, असे त्यांचे उत्तरायुष्य गेले. अशिक्षित बाईलाही वाचता यावे म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून सोप्या मराठीत बायबल उतरविण्याचे काम त्यांनी सुमारे दीड तप केले. त्या संस्कृतप्रचुर भाषेच्या पंडिता होत्या. पण हे भाषांतर बोलीच्या अंगाने केले, कारण वाचणारी बाई त्यांना ठाऊक होती. त्याची छपाईही मुक्तीतल्या बायकांनीच केली. १९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले, त्याच सरकारने, ज्याच्या गव्हर्नरांनी बावीस वर्षांपूर्वी त्यांचे लेखन खोटे ठरविले होते. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. आईचे काम पुढे चालविणारी तीच होती. त्यानंतर ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावी रमाबाईंनी डोळे मिटले. संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, बाहेर आले.

त्यांच्या पत्रांची कहाणी सांगून थांबते. इंग्लंडमधील वादांची ती पत्रे सिस्टर जेराल्डिन यांनी फाडून टाकली नाहीत. स्वतःवर ज्यांत आरोप आहेत अशीही पत्रे त्यांनी जपली, जुळवली, त्यांवर टिपणे घातली. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये ती प्रसिद्ध केली. आज रमाबाईंची बाजू आपल्याला त्यांच्याच शब्दांत वाचता येते, ती या आजीबाईंनी ती कपाटात सांभाळून ठेवली म्हणून.